महावराखालचा पाय

दुर्गाप्रसादभाऊनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा मी हरितालिकेची, आमच्याकडच्या तीजेची, वाळूची पिंड थापत होते. बोटं ओली होती म्हणून फोटो करंगळीनं उघडला. भावाची सून ओमेश्वरी गावी आमच्या आईच्या नावानं बांधलेल्या ओट्याजवळ, टिनाच्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, डोळे अर्धे मिटलेले, आणि भादव्याच्या त्या उकाड्यात अंगावर शाल. पाय पुढं पसरलेले, दोन्ही पायांना घोट्यापर्यंत लालजर्द महावर, म्हणजे अळता. खाली भावानं लिहिलं होतं, ‘आईचीच मूर्ती. जय माता दी.’ त्याच्या खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात माझ्या नवऱ्याचेही हात होते. मीही सवयीनं मनात नमस्कार करून मोकळी झाले. मग नजर पायांवर गेली आणि तिथंच अडकली. डाव्या पायातलं जोडवं दिसत नव्हतं. फोटो मोठा केला. जोडवं होतं, पण बोटाच्या मांसात रुतून बसलं होतं, कुंपणाची तार वाढत्या खोडात रुतते तसं. उजवा पाय पायासारखा होता. डावा तट्ट फुगलेला, चकचकीत, आणि त्यावर महावर इतका खुलून दिसत होता की कुणीतरी खाली लिहिलंही होतं, ‘किती सुंदर पाय.’ माझ्या हातातली वाळू पिंडीवरून घसरली. तीजेच्या निर्जळी उपासाची भूक मला ओळखीची आहे. ही ती नव्हती. हा राग होता, आणि तो आज सकाळी जन्मलेला नव्हता.

माझ्याबद्दल सगळे सांगतात की प्रेमिलाला राग येत नाही. ‘ही बोलते तं तुळशीलेही ऐकू येत नाही,’ असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते कौतुक होतं हे मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, रोजचा दिवा, रोजचं एक माळ नाम, यातलं काही मी कुणाच्या सांगण्यावरून करत नाही. मला ते आवडतं. पहाटे शेजारच्या मुर्री गावाकडच्या शेतांवरून वारा येतो आणि दिव्याची वात त्यात न विझता झुकते, त्या घटकेत मला वाटतं की कुणीतरी माझ्याकडे बघतं आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतील की हिची श्रद्धा गेली. श्रद्धा गेली असती तर राग इतका कशाला आला असता?

यंदाच्या चैत्रात नवरात्राचे उपास चालू असताना मला लघवीला जळजळ सुरू झाली. मी कुणाला बोलले नाही. उपासात असल्या गोष्टी काय बोलायच्या! मग थंडी वाजली, मग हातपाय गार पडले, आणि सप्तमीच्या दुपारी मी माझ्या नवऱ्याला, केशोरावांना, म्हणाले म्हणे की आंगणात बैल सुटला आहे, त्याला बांधा. आमच्याकडे बैल कधी नव्हताच. केशोराव शेजारणीला म्हणाले, उपासानं डोक्यात गर्मी चढली. शेजारीण म्हणाली, देवीचा वारा असेल, लिंबू ठेवा. दोघांनी लिंबू ठेवलं. दिव्याचं तेल पोचवायला आलेली नणंदेची मुलगी रिंकू तेवढी ओरडली, ‘मामा, आत्ताच्या आत्ता गाडी काढा,’ म्हणून मी आज हे सांगते आहे. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईनं माझं बोट धरलं, नखावर दाबलं आणि सोडलं. नखाखालचा पांढरेपणा जाऊन गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते ती बघत होती, हे मला मागाहून कळलं. तो रंग परत यायला तयारच नव्हता. मग बोटातून रक्ताचा एक थेंब, तो मुठीएवढ्या यंत्रात, आणि शरीर किती घसरलं आहे त्याचा उभ्याउभ्या आकडा. तिनं पुढच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. रक्त तपासणीला काढलं आणि त्याच हातानं अँटिबायोटिक सुरू केलं. मला धुक्यातून ऐकू येत होतं, ‘पहिला तास, सिस्टर, पहिला तास.’ मला वाटलं, ही पण कसलं तरी नाम जपते आहे.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं, बाई, मला काय झालं होतं? ती म्हणाली, सेप्सिस. जंतू लघवीतून रक्तात शिरले, आणि त्यांच्याशी लढताना शरीर बिथरलं, आपल्याच किडनीवर, फुप्फुसावर, डोक्यावर उलटलं. पूर्वी कोणता जंतू आहे हे कळायला दोन-तीन दिवस जायचे, तोवर पेशंट हातचा जायचा. आता मोठ्या दवाखान्यात यंत्र काही तासांत जंतूचं नाव सांगतं. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. ओळखणं. दर तासाला माणूस घसरत जातो. ‘आणि मावशी,’ ती माझा रक्तदाब बघता बघता म्हणाली, ‘उपासानं माणूस थकतं. बरळत नाही. उपासानं गुडघ्यांवर निळी जाळी येत नाही.’

निळी जाळी. ती पुढच्या खाटेकडे गेली, आणि मी तिथंच, सलाईनच्या नळीला बांधलेली, गोंदियाकडच्या गोरेगावजवळ, माझ्या माहेरच्या गावी जाऊन पोचले. माझ्या लग्नाच्या आधीची तीज. आई, मुन्नीबाई, दोन दिवसांपासून कण्हत होती. निंदनाला, धानातलं तण काढायला, चिखलात उभं राहून पाय कुजले होते, चिखल्यांनी बोटांच्या मधली जागा पांढरी झाली होती. तरी तिनं निर्जळी धरली. सकाळी तिचा श्वास भात्यासारखा चालू लागला, बाया म्हणाल्या, नाम घेते आहे. ती कुणाशी तरी बोलू लागली, बाया म्हणाल्या, गौरीशी बोलते आहे. लघवी झाली नव्हती, तर निर्जळी असल्यावर कुठून होणार? आणि दुपारी तिच्या गुडघ्यांवर निळसर जांभळी नक्षी उमटली, तेव्हा आमच्या काकूनं लुगडं जरा वर करून सगळ्यांना दाखवलं, ‘पाहा वो, महादेवाचा रंग चढला!’ बाया रांगेनं तिच्या पायांना शिवल्या. त्या थंड, निळ्या पायांना मीही शिवले. एकेका लक्षणावर व्रतानं पदर टाकला होता. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी तिनं प्राण सोडला. तीजेच्या दिवशी, उपासात, सवाशीण! इतकं पुण्याचं मरण पंचक्रोशीत कुणाला आलं नव्हतं. तिच्या नावानं ओटा झाला, ओट्याला टाइल्स लागल्या, वर टिनाचा मांडव आला. दर तीजेला बाया जमतात, दुसऱ्या दिवशी पारण्याची पंगत होते, आणि दुर्गाप्रसादभाऊ भोंग्यावर सांगतो की आमच्या आईनं शेवटच्या श्वासापर्यंत पाण्याचा थेंब मागितला नाही. मागितला होता. मी उशाशी होते. ‘पाणी’ म्हणाली ती, स्पष्ट. काकू म्हणाली, परीक्षा पाहून राहिली देवी, देऊ नका.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे सगळं मी केशोरावांना सांगितलं. ते भले माणूस आहेत. म्हणाले, ‘तेव्हा कोठं होत्या ह्या मशिनी? सायन्स आता पुढं गेलं, प्रेमिला. ज्याच्या त्याच्या काळाचं असते.’ मी मान हलवली. नंतर तांदूळ निवडताना मी खड्यांबरोबर चांगले दाणेही फेकत राहिले. डॉक्टरबाईनंही मला तेच सांगितलं होतं, की तेव्हा आम्हीसुद्धा उशिरा ओळखायचो, पुष्कळ जण हातातून जायचे. ते मी मान्य केलं. तिनं हरलो असं म्हटलं तरी. आमच्या घरात हरणं कुणाला माहीतच नाही, आम्ही जिंकलो आणि वर ओटा बांधला. आईला वाचवता आलं नसतं, हे मी गिळीन. पण ती मरत होती आणि आम्ही आनंदात होतो, हे कुठं ठेवू? राखीला गेले तेव्हा भावाला सांगायचा प्रयत्न केला. त्यानं हसून माझ्या ताटात अजून एक अनरसा वाढला. ‘आता तू डॉक्टरीण झाली काय वो? आईचं मरण आईपाशी राहू दे.’ माझा आवाज असा, की त्याला अनरशानंही बंद करता येतं.

हे सगळं फोटोतल्या जोडव्यात होतं. मी पिंड अर्धी थापलेली सोडली, आयुष्यात पहिल्यांदा. गौरीला हात जोडून म्हटलं, थांब. केशोराव म्हणाले, ‘अवो, पूजा?’ मी म्हटलं, ‘गाडी काढा.’ मोटारसायकलवर बसल्यावर त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलं होतं, बांधांवर बाया निंदत होत्या, गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि मला त्या हिरव्याचाही राग आला. दुर्गेशला, माझ्या भाच्याला, ओमेश्वरीच्या नवऱ्याला, फोन लावला. तो म्हणाला, ‘आत्या, थोडी कणकण आहे परवापासून. गोळी देणार होतो, बाबा म्हणाले उपासात गोळी पाण्याबिगर कशी घेते?’ मी म्हटलं, लघवी झाली का तिला? तो म्हणाला, ‘ते मले काय माहीत, आत्या?’ सासऱ्याच्या घरात सुनेच्या लघवीची खबर कोण ठेवतो! पायाचं कुंकू लोक कपाळाला लावतील, पण ती मुतली का हे विचारायचं नाही.

गावात शिरतानाच भोंगा ऐकू आला. भजनाच्या कॅसेटीतली बाई टिपेला पोचली होती. मांडवात तीसचाळीस बाया, मधोमध ओमेश्वरी. लांबून खरंच मूर्ती. जवळ गेले तेव्हा मूर्तीची छाती भराभर वरखाली होत होती. मी तिचा हात हातात घेतला, गार होता, घामानं ओलसर. नखावर दाबलं आणि सोडलं. पांढरं नख पांढरंच राहिलं. मी बघत राहिले, कॅसेटीतल्या बाईनं एक अख्खी ओळ संपवली.

‘या, या, आत्याबाई आल्या!’ भाऊ पांढऱ्या शर्टात पुढं आला. ‘पाहा, कशी बसली आहे. सकाळपासून हलली नाही. आईचंच तेज.’

‘भाऊ, तिले ताप आहे.’

‘आँ?’

‘ताप आहे तिले! पाय पाहिला का तिचा?’

‘जोरानं बोल वो, भोंगा चालू आहे.’

मी जोरानं बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीचाच आवाज आला, तुळशीलाही न जाणारा. इतक्या वर्षांचा नीटनेटका, सोवळा आवाज. मग मी बोलायचा नाद सोडला, मांडवाच्या खांबापाशी गेले आणि भोंग्याची पिन उपटली.

‘अवो, लाइन गेली वाटते,’ मागून एक म्हातारी म्हणाली.

‘कोठची लाइन, माय? पंखा तं फिरून राहिला.’

‘मग भजन काऊन बंद पडलं?’

‘मी बंद केलं,’ मी म्हटलं. त्या शांततेत माझा आवाज पुरेसा होता. मी ओमेश्वरीपुढं बसले. ‘बेटा, आज काय आहे?’

तिनं डोळे उघडले. ओठांना पापुद्रे आले होते. माझ्यातून पलीकडे कुठंतरी बघत म्हणाली, ‘रोवणा झाला का? बांधीत पाणी कमी आहे. बाया बोलवा.’

रोवणा, भाताची लावणी, कधीचा झाला होता. पण मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला, ‘मुन्नीबाई बोलून राहिली वो! तिच्या तोंडातून बोलून राहिली! तिलेच रोवण्याची लय काळजी राहत होती!’ आणि हात जोडले गेले. माझ्या डोळ्यांदेखत, रांगेनं, हात जोडले गेले. माझा भाऊ, साठीकडे झुकलेला, शाळा शिकलेला माणूस, हुंदका दाबत सुनेच्या पायाशी वाकला. तेव्हा माझं जे काही होतं ते फुटलं. मी त्याचा खांदा ढकलला. ओमेश्वरीचं लुगडं डाव्या पायावरून गुडघ्यापर्यंत वर केलं, एवढ्या लोकांत, सासऱ्यासमोर. बायांनी ‘अगो माय’ केलं. महावर घोट्यापाशी संपला होता. लाल रंग संपला नव्हता. तो नडगीवरून वर गेला होता, पोटरीभर, गरम तव्यासारखा, आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्यांची पांढरी, फाटलेली कातडी महावराखालून ओली चमकत होती. गुडघ्यावर ती निळी नक्षी नुकती उमटत होती.

‘हा महादेवाचा रंग नव्हे,’ मी म्हटलं. ‘भाऊ, पाहा. तुम्ही सगळ्या पाहा. आई ह्याच्यानं मेली. पुण्यानं नाही मेली, ह्याच्यानं मेली, आणि आपण तिच्या पायांना शिवत होतो.’

भावाचा चेहरा आधी ओशाळला, मग कडक झाला. ‘तुले समजते का काय बोलून राहिली तू? सवाशिणीचा उपास आहे. नवऱ्यासाठी असते हा उपास. मधातच दवाखान्यात नेऊन पाणी पाजाल, आणि माझ्या पोराले काही झालं तं?’

‘मले काय होते बाबा?’ दुर्गेश मागून म्हणाला. तो कधीपासून येऊन उभा होता. ‘मी तं धडधाकट उभा आहो. थेच मरून राहिली.’ आणि त्यानं बायकोला उचललं. सरपंचाची गाडी दाराशी होती. पूजेला आलेल्या सरपंचीणबाईनं, देव तिचं भलं करो, काही न विचारता ड्रायव्हरला हाक मारली. केशोरावांनी मला आत बसवलं. भाऊ शेवटी पुढच्या सीटवर येऊन बसला, का ते त्यालाही ठाऊक नसावं. ओमेश्वरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिचा श्वास माझ्या पोटावर आपटत होता. मी नाम घ्यायचा प्रयत्न केला. नाम येईना. माझ्या तोंडात फक्त ‘पहिला तास, पहिला तास’ येत होतं, मग मी तेच जपलं. गौरीला समजत असेल. नसेल समजत, तर तिलाही मी पुढं बघेन, असं मला वाटलं, आणि त्या वाटण्याची मला भीतीसुद्धा वाटली नाही.

दवाखान्यात तीच डॉक्टरबाई होती. तिनं ओमेश्वरीकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि धावलीच. थेंब, आकडा, रक्त, सुई. एका हातात औषध, दुसऱ्या हातात सलाईन. पूर्वीसारखं नुसतं ओतत नव्हते, थोडं देऊन पुन्हा नख दाबून बघत होते, पुन्हा थेंब, पुन्हा आकडा. रक्तदाब सावरेना तेव्हा त्यासाठी वेगळं औषध लगेच जोडलं. एका सिस्टरनं छोट्या कातरीनं जोडवं कापलं. भाऊ म्हणाला, ‘जोडवं कापू नका हो, अपशकुन होते,’ आणि सिस्टर न बघता म्हणाली, ‘काका, जोडवं कापू की बोट?’ तो बाहेर जाऊन बाकावर बसला. दुर्गेशला सर्जननं सांगितलं, पायातली घाण काढावी लागेल, पाय वाचेल असं वाटतं, आज वाटतं, उद्या सांगू. मी विचारलं, आम्ही उशीर केला का? डॉक्टरबाई म्हणाली, ‘केलाच. पण गेली नाही अजून. ती तरुण आहे.’ मला खोटा दिलासा न दिल्याबद्दल मी तिचे पाय धरायला गेले, तिनं माझे हात मध्येच पकडले. ‘मावशी, पाय धरणं आता बंद करा तुम्ही लोकं.’

ऊन उतरता उतरता लघवीच्या पिशवीत पिवळं पाणी दिसू लागलं. सिस्टरनं पिशवी उचलून भावाला दाखवली, त्यानं तोंड फिरवलं. मग ओमेश्वरीनं डोळे उघडले आणि या वेळी मला बघितलं, माझ्या पलीकडे नाही.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली. जीभ कोरडी, शब्द लाकडासारखे. ‘माझा उपास मोडला का?’

मी बोलायच्या आत भाऊ खाटेजवळ आला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता. ‘नाई बेटा, नाई! सलाईन तं सुईनं गेली, तोंडानं थोडीच! थेंब नाही गेला तोंडात. उपास शाबूत आहे तुझा. म्हणून तं देवीनं वाचवलं तुले.’ तो माझ्याकडे वळला, जवळजवळ लाडानं. ‘काय प्रेमिला? उपास राखूनच वाचली ना?’

मला दिसलं. आत्ता, इथं, या लोखंडी खाटेशी, दुसरा ओटा बांधला जात होता. पुढच्या तीजेला भोंग्यावर हे येणार होतं, सेप्सिस झाला तरी सुनेनं थेंब घेतला नाही. आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणाची तरी पोर, कुणाचा तरी फुगलेला पाय, वर महावर. भाऊ वाईट नव्हता. तो सुनेला धीरच देत होता. तेच तर. इतक्या प्रेमानं माणसं मारतात आमच्याकडे.

सिस्टरनं सांगितलं होतं, घोट घोट पाणी चालेल. मी स्टीलचा पेला भरला.

‘मोडला,’ मी म्हटलं. ‘मी मोडला तुझा उपास. पी.’

तिनं मान बाजूला वळवली. लहानपणापासून ऐकलेलं सगळं तिच्या डोळ्यांत आलं, पाणी पिणारी पुढच्या जन्मी मासोळी होते, दूध पिणारी सापीण. ‘नको,’ ती म्हणाली. मग थांबून, माझे फुटलेले ओठ बघत, हळूच, ‘तुमी तं पहाटेपासून निर्जळी आहात. आधी तुमी प्या.’

भाऊ म्हणाला, ‘ओमेश्वरी! आत्याबाईची किती वर्षांची तीज आहे, ठाऊक आहे का तुले?’

मला ठाऊक होती. लग्नाच्या आधीपासूनची, एकही न चुकलेली. ताप असताना, बाळंतपणानंतर, सासऱ्यांच्या सुतकातही मनातल्या मनात धरलेली. माझ्याजवळ माझं म्हणावं असं दुसरं काही नाही. घर त्यांचं, आडनाव त्यांचं. ही तेवढी माझी आणि गौरीची. ती गौर घरी वाळूच्या अर्धवट पिंडीपाशी, पाटावर वाट बघत होती. मी डोळे मिटले नाहीत. क्षमा मागितली नाही, कारण मी चुकत नव्हते, आणि ती तशी असेल जशी मी तिला इतकी वर्षं जाणते, तर तिलाही ते कळत होतं. पेला तोंडाला लावला. पाणी थंड होतं, आणि राग असा की मला ते गोड लागलं. अर्धा पेला मी भावाकडे बघत प्यायले, सावकाश, त्यानं नजर खाली घालेपर्यंत.

मग पेला तिच्या ओठांना लावला. पहिला घोट गळ्याखाली गेला तेव्हा तिला ठसका लागला, दुर्गेशनं तिची मान वर धरली. तिनं दुसरा घेतला. ओठ पुसले. माझ्या हातातल्या पेल्यात डोकावून पाहिलं.

‘अजून द्या,’ ती म्हणाली.